लागंल कुणाला तरी

स्ट्रेचर दारातच अडलं.

"आकारामकाका, ही पोती आधी भाईर काढा," शेजारचा कृष्णात म्हणाला. "काकी आत पडून हायत."

"हळू ठेव. पंपाच्या मोटारी हायत त्यात," आकाराम म्हणाला.

शेवटी स्ट्रेचर बाहेरच राहिलं. चौघांनी चिमणाबाईला चादरीत घालून रद्दीच्या ढिगांवरून बाहेर आणलं. रद्दीत पाय अडकून ती पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. जाताना तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो सांडलेले नटबोल्ट वेचत होता.

आकाराम तीस वर्षं साखर कारखान्यात स्टोअरकीपर होता. कुणाला वायसर हवा असो की पट्टा, माणूस त्याच्या खिडकीशी येऊन उभा राहायचा. साहेबसुद्धा. निवृत्तीनंतर ती खिडकी गेली आणि कसबा बावड्यातलं घर भरू लागलं. आधी माळा, मग स्वयंपाकघर, मग पुढची खोली. "लागंल कुणाला तरी," एवढंच तो म्हणायचा. बारा वर्षांत कुणी काही मागायला आलं नव्हतं.

दवाखान्यात लेक वर्षाराणी म्हणाली, "आबा, आईला आता वॉकर घेऊन चालायचं हाय. घरात वाट पायजे. उद्या टेम्पो सांगितलाय."

"ने की सगळं," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याने पहिलं पोतं उचललं तसा तो आडवा आला. "त्यातला पंप चालू हाय." दुसऱ्या पोत्यातल्या बाटल्या चांगल्या होत्या. दुपारपर्यंत टेम्पोत एक फुटकी बादली पडली. टेम्पो निघताना तीही त्याने उतरवून घेतली.

वर्षाराणी भांडली नाही. तिने आईला सगळं सांगितलं.

"मी वर्षीकडं नेसरीला जाते," तो दवाखान्यात आला तशी चिमणाबाई म्हणाली.

"बरी झालीस की येशील की."

"कुठं येऊ? आणि मला ठेवणार कुठं तुमी?"

त्याने मनातल्या मनात सगळं घर फिरून पाहिलं. तिने भिंतीकडे मान वळवली.

चार दिवसांनी दवाखान्यातूनच गाडी नेसरीला गेली. ती वळणाआड जाईपर्यंत आकाराम फाटकात उभा होता. परतताना कुणीतरी कचऱ्याच्या कोंडाळ्याजवळ टाकलेला टेबलफॅन त्याला दिसला. एकच पातं वाकलं होतं. फॅन काखेत मारून तो घरी आला.

फॅन ठेवायला कुठे जागा नव्हती. चिमणाबाईची कॉट तेवढी मोकळी होती. मग त्याने उशी भिंतीकडे सरकवली आणि फॅन तिथे ठेवला.