झाडासाठी भरलेले माठ

आयक ना वं रीते, मधात बोलू नको, नाई तर मी कुठवर आली ते विसरून जाईन.

सुगंधाबाई माहीत आहेत ना, शाळेत विज्ञान शिकवायच्या त्या? बल्लारपूरले आमच्या मागच्याच लाइनीत राहतात, एकट्या. त्यांची पोरगी भाग्यश्री दोन वर्षांआधी काविळीनं गेली. तिनं कॉलेजच्या सहलीतून, केरळातून, एक झाड आनलं होतं. अँथुरियम. लाल फूल, इतकं चकचकीत का हात लावून पाहा लागते, प्लास्टिकचं तर नाई. पोरगी गेली, झाड राह्यलं. तिच्याच खोलीत, खिडकीपासून दूर, स्टुलावर.

तर मे महिन्यात बाईले डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरले जाचं होतं. बारा दिवस. चाबी माझ्या हातात देली आन म्हणते, "करिश्मा, अठरा ते अठ्ठावीस डिग्री. हवेत ओलावा सत्तर टक्के. त्याच्या खाली गेला की पानं करपतात. मातीत पाणी ओतत बसू नकोस, मूळ सडेल. त्याची तहान हवेतली आहे." मंग दारात थांबली. "हे गेलं ना, तर मी त्या खोलीत पुन्हा पाय नाही ठेवू शकणार, बाळा."

आता सांग, मी काय नाई म्हनू?

भिंतीवर एक काटेवालं यंत्र होतं, एक काटा गरमीचा, एक ओलाव्याचा. तीन दिवस मस्त चाललं. कूलर लावायचा, खिडकीले ओलं पोतं बांधायचं, काटा पंचाहत्तरवर. चौथ्या दिवशी सकायीच ट्रान्सफॉर्मर जळला. फटाक्यावानी आवाज आला न गेली लाइन. बाहेर शेहेचाळीस! अकरा वाजेपर्यंत ओलावा तीसवर आला, आन एका पानाची कड तपकिरी झाली, जशी पोळी तव्यावर राह्यली. मले रडूच आलं.

मंग डोकं चाललं. कोरा माठ पाझरते ना? हवा थंड करते, ओली करते. पळत गेली लटारूभाऊकडे, कुंभार ना आपला तो. तिथी ही गर्दी! मले म्हणे, "कोनाच्या नावाचे वं पोरी?" मी म्हटलं, "नावाचे कायले, झाडासाठी पाहिजे. तीन दे लवकर." तो हासला. मीबी हासली.

रीते, त्या दिवशी अक्षय तृतीया होती, आपली अखजी, गेलेल्याच्या नावानं पान्याचा माठ भरायचा दिवस. आमच्या घरी आईनं सकायीच आजोबाच्या नावानं माठ भरला होता, मीच तर त्याच्यावर खरबूज ठेवलं होतं. आन तरी मले सुचलं नाई! अखजीच्या दिवशी, बंद घरात, मेलेल्या पोरीच्या खोलीत, मी तीन कोरे माठ भरले. झाकन्या ठेवल्या. एकाही माठावर कोनाचं नाव नाई घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनले गेली. लाइन अजूनही नोहती. दार उघडलं तर आंगावर काटाच आला, इतकं थंड. गरमीचा काटा चोवीसवर. ओलावा ब्याऐंशी. झाडाले नवं पान फुटलेलं, गुंडाळलेलं, कवळं. मी खुशीत नाचनार, तेवढ्यात माठ पाह्यले.

तिन्ही कोरडे. झाकन्या खाली, एकावर एक, नीट ठेवलेल्या.

"पाझरले असतीन," तू हेच म्हननार ना? मीबी हेच म्हटलं. फरशी कोरडी होती वं! पुन्हा भरले, बाहेर पायरीवर जाऊन बसली. उन्हात रस्त्यावर कुत्रंबी नोहतं. आन आतून आवाज यायले लागला. गट, गट, गट. थांबे. मंग दुसऱ्या कोपऱ्यातून. मंग दोन्हीकून संगच.

मी चप्पल तिथीच टाकून पळाली. थेट लटारूभाऊकडे.

त्यानं सारं आयकलं. चाक थांबवलं. "नाव नाई घेतलं?"

"नाई."

"मंग जो तहानलेला असन तो येईन. माठ उलटे कर, पोरी. पानी नाई भेटलं का जाईन आपोआप."

"आता भाग्यश्रीचं नाव घेतलं तर?"

"पंगत बसल्यावर पाहुन्याचं नाव बदलते का?"

केले उलटे. खरंच केले! एक दिवस. ओलावा वीसवर गेला, नवं पान दुपारपर्यंत कागदावानी झालं, फुलाचा देठ वाकला. आन मले बाई दिसे, दारात थांबलेली. मी... मी माठ सरळ केले. भरले. लाइन काई आलीच नाई, मंग रोज भरले. दिवसाले दोनदा, मंग तीनदा. रीते, एका पोरीची तहान नोहती थे. नऊ-नऊ घागरी!

बाई आली तेव्हा झाडाले दोन फुलं होती. डोळ्यावर हिरवी पट्टी, मी हाताले धरून खोलीत नेलं. बाई उभीच राह्यली. थंड हवेत हात फिरवला, जसं कोनाच्या डोक्यावरून फिरवते.

"लाइट नाही ना?" म्हणे.

"नाई बाई."

"इथे कोणीतरी आहे गं." आन हासत होती! पट्टीखालून पानी येत होतं. "ओल्या माठाचा वास येतोय. अखजीला भरलेस का? माझ्या भाग्यश्रीच्या नावानं भरलेस ना? मी आजपासून इथेच झोपेन."

मागं माठाची झाकनी हलली. मी पाह्यलं, बाईले दिसलं नाई. नाई म्हटलं असतं तर दोन वर्षांनी पहिल्यांदा हासलेली बाई तिथीच मेली असती. हो म्हटलं तर कोनासंग झोपाले सोडली तिले, मलेच माहीत नाई.

मी हो म्हटलं.

तीन दिवस झाले. बाई स्वतः माठ भरते, दार लोटून घेते, आतून बोलन्याचा आवाज येते. आता बोल वं. सांग ना, तू काय म्हटलं असतं?