निळ्याचं पाणी

मासे मला कधीच आवडले नाहीत. खायला आवडतात, ते वेगळं. पण बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत जिवंत मासे सोडायचे आणि सुटीचा सगळा दिवस त्यांच्याकडे टक लावून बसायचं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. आमचे हे, म्हणजे देवमन, अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. नोकरी लागल्यावर लोक रेडिओ घेतात. ह्यांनी काचा कापून आणल्या, लोखंडी चौकटीत लांबी भरून पक्क्या बसवल्या आणि पेढी नदीतून बोटाएवढे मासे धरून आणले.

त्या माशांना मेलेलं अन्न चालत नसे. एवढीशी जात, पण तोरा केवढा! मग हे गटाराच्या कडेला उकिडवे बसून चिखलातल्या लाल अळ्या जमवायचे. त्या धुवायला घेतली कुठली गाळणी, तर माझी चहाची. एकदा चहा गाळायला गेले, तर जाळीत एक अळी अजून वळवळत होती. मला भडभडून ओकारी आली. कितीतरी दिवस मी चहाला तोंड लावलं नाही.

त्यातल्या एका दांडग्या नराला हे निळ्या म्हणत. एरवी तो मातकट दिसे. दुसरा नर समोर आला, की डोळ्यांदेखत काळानिळा होई आणि पर फुलवून त्याच्या अंगावर जाई. हरलेला लगेच फिका पडायचा, अंगावर पट्टे उमटवून कोपरा धरायचा. फुटक्या मडक्याची खापरी हे त्याचं घर; मादीला तिच्याखाली प्रवेश अंडी घालण्यापुरता. ती झाली की निळ्या तिलाच हाकलून लावी आणि एकटा अंड्यांना वारा घालत बसे. "बाप असावा तर असा," हे म्हणायचे. बायकोला घराबाहेर काढणारा बाप! मला त्याचा रंगही नको वाटे आणि ढंगही.

पण माशांपेक्षा जास्त किळस मला एका माणसाची यायची. गोवर्धनराव ह्यांच्याच कॉलेजात इंग्रजी शिकवत. घरच्या संत्र्याच्या बागा होत्या. दर रविवारी पिशवीभर संत्री घेऊन ते येत आणि काचेला नाक लावून बसत. मी पाणी आणलं की, "आत्ताच पिऊन निघालो, वहिनी." चहा विचारला की, "पित्त झालं." वैशाखात, घामानं सदरा पाठीला चिकटलेला असताना, "आज उपास आहे." पाण्याचा उपास मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांची संत्री आम्ही खायची, आमच्या पाण्याला मात्र त्यांचं बोट लागत नव्हतं.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालो होतो. घरातले देव काढले, जुनं सगळं सोडलं. पण लोकांच्या लेखी आमच्या घरचं पाणी होतं तेच राहिलं होतं.

"दिसत नाही काय तुमाले?" मी एकदा ह्यांना म्हटलंच. "तो मानूस आपल्या घरचं पानी पेत नाही."

"तसा नाही तो, शकुन. बुजरा आहे जरासा. पाहजो तू, एक दिवस हक्कानं मांगन."

ह्यांचं तरी काय चुकलं? कॉलेजात सगळे ह्यांच्यापासून खुर्ची दूर सरकवून बसत. जवळ ओढून बसणारे एकटे गोवर्धनराव. हा एक मित्र खरा निघावा, एवढंच ह्यांना हवं होतं. मला तो खोटा दिसत होता, आणि ह्यांना ते कळेल तेव्हा काय होईल ह्या विचारानं माझा जीव जळत होता.

पुढे गोवर्धनरावांच्या बहिणीला, बेबीला, पाहायला अकोल्याचे पाहुणे यायचं ठरलं. कापसाचे मोठे व्यापारी, घरी रंगीत माशांची पेटी. झालं, गोवर्धनरावांनीही पेटी आणली आणि निळ्या मागितला. ह्यांनी तो पेटीतल्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत घालून दिला. "ह्याच पान्यात राहू द्या. नवं पानी थोडं थोडं टाका. एकदम बदललं तर मरून जाईल तो," असं चारचारदा बजावलं.

निळ्या गेला आणि कोपऱ्यातला फिका नर लगेच रंगात आला. निळ्याची खापरी बळकावून, काळानिळा होऊन बसला. धन्याची जागा रिकामी व्हायचीच वाट पाहत होता मेला.

काही दिवसांनी गोवर्धनराव रिकामी बरणी घेऊन हजर.

"देवमनराव, तुमचा मासा तर पांढराफट पडला अन् मेला. दुसरा द्या बा. पाहुने उद्या येऊन राहिले."

"पानी बदललं काय?"

"आईनं ओतून टाकाले लावलं. तिचं तुमाले काय सांगू, जुनी मानसं! मंग माशाले आपल्या विहिरीच्या पान्यानं चांगला धुतला, वरून हळद टाकली."

"कोनं धुतला?"

"म्हंजे... मीच. आईचं मन राखा लागते ना." आणि ते चक्क हसले.

मासा धुतला! त्याच्या अंगाला आम्ही लागलो होतो, ते धुवून काढलं. आणि गोवर्धनराव तोंड वर करून आमच्याच बैठकीत सांगत होते.

हे उठले. आत गेले, माठातून पेला भरून आणला आणि गोवर्धनरावांपुढे ठेवला.

"हे प्या. मंग देतो दुसरा."

गोवर्धनरावांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काचेतल्या निळ्या रंगाकडे पाहिलं. मग डोळे मिटून, एरंडेल घ्यावं तसं गटागटा पिऊन टाकलं. "झालं?" म्हणाले.

ह्याच घोटासाठी मी इतके दिवस अडून बसले होते. आता तो रिकामा पेला मला उचलावासाही वाटेना. माणसासाठी कधी प्याला नाही, माशासाठी प्याला. ह्यांचा चेहरा मात्र उजळला होता. ह्यांनी जाळीनं मासा धरला, बरणी भरली, पाण्याचं पुन्हा सगळं नीट समजावून सांगितलं. "पाह्यलं, शकुन?" मला हळूच म्हणाले. मी मान फिरवली.

त्यांना निरोप द्यायला आम्ही दारात उभे होतो. गल्ली संपते तिथे मोठ्या रस्त्यावर नगरपालिकेचा नळ आहे. गोवर्धनरावांनी बरणी खाली ठेवली. इकडेतिकडे पाहिलं, मागे काही पाहिलं नाही. ओंजळ भरून चूळ भरली आणि थुंकली. पुन्हा भरली. बोटानं जीभ घासली.

बघा, म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ह्यांचा चेहरा पाहिला आणि शब्द गिळला. हे अनवाणीच निघाले. मी मागोमाग धावले.

आम्ही पोचलो तेव्हा गोवर्धनरावांचे गाल पाण्यानं फुगलेले होते. आम्हाला पाहून ते तसेच थिजले. थुंकता येईना, गिळता येईना. ह्यांनी वाकून बरणी उचलली आणि छातीशी धरली.

"होऊ द्या तुमचं सावकाश," हे म्हणाले, आणि मासा घेऊन घरी निघाले.