साखराबाईचं वेळापत्रक

नेकनूरच्या बाजारात शेळी विकायची तर साखराबाईशी गाठ पडू नये, असं व्यापारी म्हणतात. शेळीचे दात ती बघतेच, पण त्याआधी विकणाऱ्याचे डोळे बघते. बोलीला बसली की पहिल्यांदा एक खोटाच आकडा फेकायचा आणि समोरचा कुठे हलतो ते बघत राहायचं, ही तिची रीत. या रीतीवर तिने घर चालवलं, लेक वाढवली. मग लेकीची सोयरीक जुळवताना ती दुसरी अक्कल कुठून आणणार?

लेक म्हणजे सुकन्या. शेळ्यांमागे काठी घेऊन धावणारी पोर हॉकीची काठी धरून पुण्याला गेली आणि 'पुणे रणरागिणी' या व्यावसायिक संघाची गोलरक्षक झाली. गेला हंगाम तिने बाकावर बसून काढला. यंदा थोरली गोलरक्षक निवृत्त झाली आणि प्रशिक्षकांनी सांगितलं, पहिला सामना तुझा. पहिल्या सामन्याला जी गोलात उभी राहील तीच हंगामभर राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हरियाणाची एक पोरगी मागे टपून बसलेलीच होती. आता फक्त हंगामाचं वेळापत्रक यायचं होतं.

आणि या वेळापत्रकाची सुकन्यापेक्षा जास्त घाई होती ती घाटनांदूरच्या चंद्रभागाबाईंना, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंना. सुपारी फुटली न फुटली तोच त्यांचा फोन. "आलं का वो इहीनबाई, पोरीचं वेळापत्रक?" चार दिवस गेले की पुन्हा तेच.

साखराबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"त्यांना कावून पायजे वेळापत्रक?" तिने नवऱ्याला विचारलं.

बिभीषण वैरण तोडत होता. "तारीख धरायची आसंल. सामने टाळून."

"टाळून का गाठून? बरोबर सामन्याच्या दिवशी मुहूर्त काढायचा, मंजी खेळणं आपोआप बंद. वर म्हनायला मोकळ्या, आमी कुटं न्हाई म्हनलो!"

"लई वंगाळ इचार करती तू."

"मी इचार करते म्हनून तुमची शेळी आजपातुर कुनी फशिवली न्हाई."

हे खरंच होतं, म्हणून बिभीषण पुन्हा वैरणीकडे वळला. पण साखराबाईला चैन पडेना. माणसं चांगली, बोलणं गोड, मागणं काहीच नाही. बाजारात इतकं गोड बोलणाऱ्याची शेळी हमखास आटलेली निघते.

पुढचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आलं की! सगळे सामने माघात हायती. मार्गशीर्षात पोर मोकळी."

आलं काहीच नव्हतं. गेल्या साली सामने माघात झाले होते, त्या अंदाजाने तिने आकडा फेकला. विहीणबाईंनी माघातलाच मुहूर्त काढला की चोरी पकडली. सोयरीक मोडायचीही तिची तयारी होती. कुणी म्हणेल, बाई, सरळ विचारून टाकायचं की. पण सरळ विचारणारा माणूस बाजारात टिकतो होय?

आठवड्याने चंद्रभागाबाई आनंदाने बोलल्या, "धरली बगा तारीख! मार्गशीर्षातली. गुरुजी माघातली लई चांगली म्हनत व्हते, पर मी म्हनलं, पोरीचे सामने हायती. पत्रिका बी छापल्या. पैली आंबाजोगाईला देवीपुढं ठिवून आले."

साखराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई सोन्यासारखी निघाली की! तेव्हाच खरं सांगून टाकायचं. पण जीभ उचलेना. सामने माघातच होतील, मग खोटंही खरं होऊन जाईल, अशी तिने मनाची समजूत घातली. "वेळापत्रक यायच्या आदीच तारीख कशी धरली?" असं सुकन्याने पुण्याहून विचारलं, तर "दरसाली माघातच आसत्यात की," म्हणून तिलाही उडवून लावलं.

आणि मग वेळापत्रक आलं.

"आई," सुकन्याचा आवाज रडवेला होता, "पैला सामना मार्गशीर्षात हाय. लग्नाच्याच दिवशी. आता मी काय करू?"

पोरीच्या तोंडचा घास आपण आपल्याच हाताने काढला, हे साखराबाईला लख्ख कळलं. घरात कुणी मेल्यासारखी ती हमसून रडली. मुहूर्त टळला म्हणून जिचं स्वतःचं लग्न राहून गेलं असं सगळा मुलूख सांगतो, त्या आंबाजोगाईच्या योगेश्वरीपुढे पत्रिका ठेवलेली. आता मुहूर्त बदला म्हणायचं कोणत्या तोंडाने? तरी तिने डोळे पुसले आणि घाटनांदूरला फोन लावला. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

चंद्रभागाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मंजी मी फशिवते का न्हाई, ते बगत व्हता तुमी?"

"व्हय."

"आन आता तारीख बदला म्हनता. ह्यातलं खरं कोनतं धरू मी? तवाचं का आताचं? का सोयरीकच मोडायची हाय तुमाला?"

"न्हाई वो, देवीची आन!"

"आन ऱ्हाऊ द्या. सुकन्याचा नंबर हाय माज्याकडं."

फोन बंद. जन्मभर दुसऱ्यांचे दात मोजले, आज कुणीतरी तिचे मोजले.

तिने सुकन्याला फोन लावला. लागेना, व्यस्त. चंद्रभागाबाईंना लावला. तोही व्यस्त. दोघी एकमेकींशीच बोलत होत्या, हे कळायला पंचांग लागत नव्हतं. काय बोलत असतील? आपल्याला काय काय म्हणत असतील? धारेची वेळ टळली, शेळ्या ओरडायला लागल्या, तरी ती फोनकडे बघत बसून राहिली.

शेवटी सुकन्याचाच फोन आला. "आई, माघातली तारीख धरली. तवर हंगाम सरतो. पैला सामना मी खेळनार."

साखराबाईने दोन्ही हात कपाळाला लावले. "आन देवीपुढली पत्रिका?"

"नवी ठिवनार हायत. म्हनल्या, तिचा बी मुहूर्त टळलाच व्हता, ती समजून घिईल."

"आजून काय म्हनल्या?"

"फुडच्या साली वेळापत्रक मी त्यांना परस्पर धाडायचं. तुज्या तोंडचं त्या धरनार न्हाईत."

"आन तू गं? तू धरशील का?"

"सरावाची येळ झाली आई," सुकन्या म्हणाली. "ठिवते."