अकरा तंबू आणि माणूस औषधालाही नाही

मी तंबू बोलतोय. दचकू नका, आत कुणी नाही. आत कुणी नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

शिक्षण म्हणाल तर बेताचंच. माझ्या अंगाला आतून एक पट्टी शिवलीय, तिच्यावर छापलंय, ‘दोन माणसांसाठी’. तेवढे दोन शब्द मी वाचायला शिकलो आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला. स्वभावच भोळा, दुसरं काय!

जन्म झाला एका लांबलचक शेडमध्ये, शिवणयंत्रांच्या खडखडाटात. माझ्या शिवणी तपासणाऱ्या बाई प्रत्येक शिवण दिव्यासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, “थेंब आत गेला तर माझं नाव बदलेन.” नाव काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण थेंब मात्र आत आला नाही.

मग मला विकत घेतलं डोंगरकडे चढणाऱ्या एका गड्याने. खडकाला असा चिकटायचा की मित्र त्याला सरडाच म्हणायचे. पहिली काही वर्षं काय मजेची गेली! सरडा आणि त्याचा मित्र माझ्या पोटात झोपायचे. एकाचं घोरणं वर चढायचं, दुसऱ्याचं खाली उतरायचं. त्यांच्या मोज्यांबद्दल मी काही बोलणार नाही, तुम्ही नुकतेच जेवून उठला असाल.

पुढे ते दोघे नेहमी चढायचे तो कडा नावाजला आणि माझे दिवस फिरले. कड्याखालच्या मैदानात तंबू लावायला सपाट जागा मोजून अकरा. बाकी सगळा उतार आणि धोंडे. एकदा शनिवारी येऊन सरड्याला जागा मिळाली नाही, तर या शहाण्याने काय करावं? पुढच्या मंगळवारीच मोटारसायकलवरून आला, झऱ्याजवळच्या सगळ्यात चांगल्या जागी मला उभा केला आणि शनिवारी येतो म्हणून निघून गेला. बसमध्ये सीटवर रुमाल टाकतात ना, तसा! मी रुमाल? चार काठ्या, आठ खुंट्या, दुहेरी छप्पर असलेला मी, रुमाल?

एकाने केलं की बाकीचे मागे कसे राहतील? बुधवारपर्यंत अकरा जागी अकरा तंबू आणि माणूस औषधालाही नाही. आम्ही अकरा जण एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

मैदानाची राखण एक मावशी करायच्या, तिथल्याच झोपडीत राहायच्या. त्यांनी एकदा एक रिकामा तंबू काढून ठेवला, तर त्याच्या मालकाने आकाशपाताळ एक केलं, “माझा स्टोव्ह चोरला!” स्टोव्ह त्याच्याच गाडीच्या डिकीत निघाला. माफी? ती कुठल्या डिकीत आहे कोण जाणे. तेव्हापासून जमीनमालकाने मावशींना बजावलं होतं, “कुणाच्या तंबूला हात लावायचा नाही. आणि कड्याखालच्या ओढ्यात कुणी झोपलेलं दिसलं, तर मैदान बंद आणि तुमचं कामही बंद.” ओढा कोरडा होता, पण त्याच्यात वरून दगड पडायचे. हे एवढे मोठाले!

अशात एका गुरुवारी दुपारी बापलेक आले. बाप साठीचा, गुडघ्यांची कुरकुर मलाही ऐकू येत होती. लेक दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा पुढे राहून कडा चढणार होती आणि खाली दोर बाप धरणार होता. दोघांची सकाळची चढाई ठरलेली आणि परतीची शेवटची बस गेलेली.

आता या चढणाऱ्या लोकांची रीत ऐका. दुसऱ्याच्या तंबूचं दार कधी उघडायचं नाही, बाहेर उभं राहून खोकायचं. म्हातारबुवा एकेका तंबूपुढे गेले आणि खोकले. अकरा वेळा. शेवटी बिचाऱ्यांना खरंच खोकला लागला.

“बाबा, सगळे रिकामे आहेत. कळतंय की!” लेक म्हणाली.

“म्हणून काय काढून टाकायचे? कुणाच्या तरी आहेत त्या जागा.”

“कुणाच्या? कुणीच नाहीये!”

मावशी लगबगीने आल्या. “ताई, रात्रीपुरतं ओढ्यात पडतो,” म्हातारबुवा म्हणाले.

“दादा, माझ्या पोटावर पाय नका देऊ. माझी झोपडी एक हाताची, नाहीतर घातलं असतं तुम्हाला आत. ओढ्यात मी कुणालाही झोपू देणार नाही.”

“मग जायचं कुठे आम्ही?”

मावशींनी पदराने नुसतं कपाळ पुसलं. मग म्हातारबुवांनी पिशवी उचलली आणि ओढ्याकडे वळले.

माझा नुसता भडका उडाला. दोन माणसांसाठी मी, समोर दोन माणसं, आणि त्यांनी दगडांखाली झोपायचं? पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. सरड्याने घाईघाईत आठांपैकी चारच खुंट्या ठोकल्या होत्या. दरीतून वारा आला, मी दाराची फट रुंद केली, पोट फुगवलं आणि निघालो! मावशींच्या डोक्यावरून, म्हातारबुवांच्या टोपीला टप्पल मारून, थेट काटेरी झुडपावर. टर्रकन फाटलो. पण काय गंमत आली म्हणून सांगू!

“मी हात नाही लावला हं!” मावशी दोन्ही हात वर करून ओरडल्या.

“आम्ही साक्षीदार,” लेक हसत हसत म्हणाली आणि मोकळ्या जागेवर आपला तंबू उलगडायला लागली.

शुक्रवारी ती कडा चढली. शनिवारी बापलेक सामान आवरत होते, तोच सरडा उगवला.

“ओ काका, ही जागा माझी आहे! मंगळवारपासून!”

“मंगळवारपासून? मग दोन रात्री आम्ही कुणाच्या उरावर झोपलो?” म्हातारबुवा म्हणाले.

“इथे माझा तंबू होता!”

“तंबू होता. तू कुठे होतास बाळा?”

लेक म्हणाली, “आमचं झालंय. घ्या जागा. पण आत झोपा म्हणजे झालं.”

सरडा लालबुंद झाला. मावशींनी झुडपाकडे बोट दाखवलं. त्याने माझी फाटकी कूस बघितली, तोंड वाकडं केलं आणि किक मारून गेला. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही हो. इतकी वर्षं त्याचं घोरणं ऐकलं मी!

जाताना बापलेक जमीनमालकाकडे गेले आणि ओढ्याची हकीकत त्याच्या कानावर घातली. त्याने कपाळाला हात लावला. आता नियम असा, की एक रात्र तंबू रिकामा राहिला तर मावशींनी दोन साक्षीदारांसमोर तो सोडवायचा आणि घडी करून ठेवायचा. स्टोव्ह असला तर तोही दाखवून. परवाच त्यांनी सहा सोडवले. तंबूंचे मालक आले की गुरगुरतात, मावशी गालातल्या गालात हसतात.

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर हात जोडून सांगतो, जागा धरायची असेल तर स्वतःच्या पाठीने धरा. माझ्यासारख्याला उन्हात उभं करून पळू नका.

माझं म्हणाल तर मावशींनी मला झुडपातून सोडवलं, ठिगळ लावलं आणि झोपडीमागच्या सरपणावर पसरलं. बरं चाललंय. लाकडं फारशी बोलत नाहीत, घोरत तर नाहीतच. पण एक आहे, आत राहतात.