चंद्याच्या कपाळाचा कलप

मी चंद्या बोलतोय. जातीनं दख्खनी मेंढा. निलंग्याच्या शिवारात, ज्वारीच्या धसकटांत माझा जन्म झाला. सगळं अंग काळंभोर, फक्त कपाळावर सुपारीएवढा पांढरा ठिपका. तो पाहूनच माझे मालक शेषेराव यांच्या आईनं, चतुराबाईनं, मला चंद्या म्हटलं.

रूप म्हणाल तर बेताचंच. नाक बाकदार, कान लोंबते, लोकर हाताला राठ. पण चालण्यात आमचा हात, म्हणजे पाय, कुणी धरू नये. बाभळीच्या शेंगा, वाळका पाला, मिळेल ते खायचं आणि पुढचं रान गाठायचं. लेंडीखतासाठी शेतकरी आम्हांला बोलावून शेतात बसवतात.

आमच्यासारखे अस्सल आता थोडेच उरलेत. एकदा शेषेरावांच्या मुलानं, बजरंगनं, मोबाइलवर फोटो दाखवला. मीही मान लांब करून पाहिलं. पांढरा, बिनलोकरीचा, वासराएवढा मेंढा!

"अप्पा, ह्यो आणू. चंद्याला इकून टाकू. लोकर कोण घ्यायलंय आता?"

शेषेराव म्हणाले, "शिरूर अनंतपाळला जातिवंत मेंढ्यांची तपासणी हाय. चंद्या पैदाशीला निवडला तर ऱ्हाईल. न्हाई तर तुझ्या मनासारखं कर."

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी कलपाची पुडी आणली. लग्नाला जाताना मिशीला लावतात तीच. वाटीत कालवून माझ्या कपाळाला फासली. मला लागोपाठ तीन शिंका आल्या. माणसं आपलं पांढरं का लपवतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

"अरं, काय करायलास?" चतुराबाई ओरडल्या.

"माय, ठिपका दिसला तर बाद करतील ह्याला."

हौदाच्या पाण्यात वाकून पाहिलं, तर मीच मला ओळखेना. मेंढ्यांनी हुंगलं आणि त्या चार पावलं मागं सरल्या.

तपासणीला आरतीबाई होत्या, जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी टेप लावून छाती मोजली, दात पाहिले, लोकर फाकवून कातडी पाहिली. माझं कपाळ नुसतं खाजत होतं आणि समोर त्यांचा पांढराशुभ्र कोट! राहवेना, घासलं डोकं. कोटावर काळा पट्टा उमटला. जमलेली माणसं खो-खो हसली.

शेषेरावांनी मान खाली घातली. "चुकलं म्याडम. ठिपक्यापायी काढून टाकताल, असं वाटलं."

"अहो काका, दख्खनीत ठिपक्याचेही असतात, भुरेही असतात. मी अंग बघते, पाय बघते. किती चालतो हा?"

शेषेरावांनी मान वर केली. "इथून पार विष्णुपुरीच्या धरणापर्यंत, धा दिसांची वाट. नदीकाठानं चरत जातो अन् तसाच परत. एकदाबी गाडीत घातला न्हाई."

आरतीबाईंनी मला पुन्हा निरखलं. "जनावर चांगलं आहे. पण रंग लावलेलं आज नोंदता येणार नाही. आठ दिवसांनी धुऊन आणा."

तपासणीला बजरंगही आला होता. लोक हसले तेव्हा बजरंग हसला नव्हता, हे मी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तोच साबण घेऊन आला आणि माझं कपाळ चोळू लागला. रोज चोळायचा. चौथ्या दिवशी बाजारचा व्यापारी दारात उभा राहिला. बजरंगनंच त्याला तपासणीआधी सांगावा धाडला होता.

बजरंगचे हात फेसानं भरलेले. म्हणाला, "आता न्हाई इकायचा."

व्यापारी गेला. शेषेराव ओसरीवर बसून सगळं ऐकत होते.

आठव्या दिवशी आरतीबाईंनी माझ्या कानात पिवळा बिल्ला ठोकला. दुखलं, खोटं कशाला सांगू! मग त्यांनी वही उघडली. "मालकाचं नाव?"

"बजरंग शेषेराव," शेषेराव म्हणाले. "असंच लिवा."

बजरंग वडिलांच्या तोंडाकडे बघतच राहिला.

सध्या आम्ही विष्णुपुरीच्या वाटेवर आहोत. पुढं बजरंग, मागं शेषेराव. यंदा कळपात माझी बावीस कोकरं आहेत, पहिल्यांदाच एवढं चालतायत. रस्त्यात भेटलो तर भोंगा वाजवू नका. घटकाभर थांबा. त्यांना वाट शिकू द्या.