कोंगो मढवणारी

मंद्रूपचं लग्न उरकून झीनत परतली. दुकानाच्या पायरीवर ती चप्पल काढत होती, तेवढ्यात काउंटरपलीकडे ठेवलेले दोन कोंगो, ऑर्केस्ट्रात हातानं वाजवायचे ते उंच ढोल, तिला दिसले आणि एक पाय चपलेतच राहिला. दोन्ही कोंगोंच्या तोंडावर पांढरंशुभ्र फायबरचं पान चढवलेलं होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात ते स्टीलच्या ताटांसारखं चकाकत होतं.

"हे कुणी केलं?"

अतीकनं मोबाइलमधून मान वर काढली नाही. "मी केलं. मानसिंगकाकांच्या पुतण्याचा, अजिंक्यचा फोन आला होता. येत्या रविवारी कार्यक्रम आहे, स्टेजवर चांगलं दिसलं पाहिजे म्हणाला. तू तीन आठवडे त्याच्यावर बसली होतीस, मी अर्ध्या तासात मोकळा झालो."

"जुनी कातडी कुठंयत?"

"असतील मागं. डब्याजवळ."

झीनत मागच्या खोलीत गेली. कचऱ्याच्या डब्याशेजारी दोन्ही कातडी एकावर एक पडली होती. लहान कोंगोचं धड होतं. मोठ्याचं मात्र कडीपासून निघून मध्यापर्यंत सरळ चिरलेलं होतं. आतली तारेची कडी निघाली नसावी, म्हणून अतीकनं कटर चालवलं होतं. जिथं वाजवणाऱ्याचा तळवा पडून पडून कातडं काळपट आणि गुळगुळीत झालं होतं, त्याच जागेतून पातं गेलं होतं.

ती तिथंच फरशीवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. कानशिलं तेवढी तापली.

अठ्ठावन्न वर्षांची ही बाई सोलापुरातल्या विजापूर वेशीजवळच्या त्या दुकानात लहानाची मोठी झाली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी परतली आणि तबले, ढोलक्या मढवण्याच्या कामात पडली ती कायमचीच. दुकानावर पाटी होती बापाच्या नावाची, पीरसाब. बाप जाऊन बारा वर्षं झाली होती. धाकटा भाऊ अतीक पुढं बसून गिटारी, कीबोर्ड, माइक विकायचा. कातड्याचं काम कोण करतं असं कुणी विचारलं, तर "आपलंच घरचं काम आहे" एवढंच सांगायचा.

हे कोंगो तीन आठवड्यांपूर्वी मानसिंगकाकांनी स्वतः आणून ठेवले होते. काका अकलूजचे. एकेकाळी त्यांच्या ऑर्केस्ट्रानं जिल्ह्यातली एक जत्रा सोडली नव्हती. आता पंचाहत्तरी उलटली होती, गुडघे गेले होते, पण हात शाबूत होते. कोंगोवर हात फिरवत त्यांनी बजावलं होतं, "कातडं बदलायचं न्हाय बरं का. कडंला बारीक चीर गेलीया, तेवढी कुटं तरी जिरव. पीरसाबनं मढवलेलं हाय हे. माझं हात बसल्यात ह्याच्यावर. मी मरंस्तवर टिकलं म्हंजी झालं."

तेव्हा झीनत नुसती "बरं काका" म्हणाली होती.

खरी गोष्ट वेगळी होती. काकांनी पहिल्यांदा हे कोंगो आणले, त्या साली पीरसाबच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. हात सुजून हा एवढा झालेला. कार्यक्रम आठवड्यावर आला होता आणि गिऱ्हाईक परत पाठवायचं बापाच्या जिवावर आलं होतं. तेव्हा एकोणीस वर्षांच्या झीनतनं म्हशीचं कातडं भिजवलं, खरवडलं, ओढलं आणि मढवलं. बाप शेजारी बसून नुसता सांगत होता. कापायला तिचा हात धजेना, म्हणून तिनं कडेला चार बोटं कातडं जास्तीचं ठेवलं. त्यावरून बाप ओरडलासुद्धा. आणि मानसिंगकाका न्यायला आले, तेव्हा त्याच बापानं सुजलेला हात सदऱ्याच्या खिशात घालून सांगितलं, "मी स्वतः बसून केलंय."

तेच चार बोटं जास्तीचं कातडं आता कामाला आलं होतं. रोज नट पाव पाव फेरा ढिले करायचे, कोमट पाण्याचा फडका फिरवायचा, कातडं मऊ झालं की चिरेच्या बाजूनं कणाकणानं खाली ओढायचं. चीर कडीच्या खाली जायला मोठ्या कोंगोवर बोटभर अंतर राहिलं होतं. लग्नाला जाताना तिनं दोन्ही कोंगो चादरीनं झाकले होते आणि अतीकला सांगितलं होतं, हात लावू नकोस.

ती चिरलेलं कातडं घेऊन पुढं आली. घरात दोघं भावंडं दखनीत बोलत, पण झीनतला राग आला की ती मराठीवर यायची. बापही गिऱ्हाइकाशी भांडताना मराठीतच भांडायचा.

"मी काय सांगून गेले होते?"

"आपा, गिऱ्हाइकाचा फोन आला तर मी काय करू? तू लग्नात."

"गिऱ्हाईक अजिंक्य नाही. कोंगो मानसिंगकाकांचे आहेत. ते काय बोलून गेले ते तूही ऐकलंस."

"म्हातारी माणसं बोलतात काहीबाही. जुनाट, वास मारणारं कातडं ते. हे बघ, पावसात चालतं, उन्हात चालतं, वर्षभर नट फिरवायला नको."

"तू कटर चालवलंस अतीक."

"निघत नव्हतं." आता त्यालाही राग चढला. "अब्बाच्या हातचं होतं म्हणून एवढी चिडलीस का? मग अब्बा काय माझे नव्हते?"

"अब्बाच्या हातचं नव्हतं ते. माझ्या हातचं होतं."

अतीक तिच्याकडं बघत राहिला. मग हसला. "आता अब्बा नाहीत म्हटल्यावर काय, काहीही बोल."

त्या हसण्यानं झीनतचं डोकं फिरलं. कातडं चिरल्याचा राग एकीकडं राहिला. तिनं काउंटरवरचा पाना उचलला. अतीक दचकून मागं सरला, पण ती कोंगोपाशी गेली आणि फायबरच्या पानाचे नट फिरवायला लागली. एकेक नट काढून ती टाइल्सवर टाकत होती आणि आवाज रस्त्यापर्यंत जात होता. समोरचा पानवाला डोकावून गेला. दोन्ही पानं निघाल्यावर तिनं ती अतीकच्या खुर्चीत ठेवली.

"वीक कुणालातरी," ती म्हणाली, आणि एकेक करून दोन्ही कोंगो कवेत घेऊन मागं गेली.

त्या आठवड्यात ती भावाशी एक शब्द बोलली नाही. लहान कोंगोचं जुनं कातडं तिनं पाण्यात घातलं, पुन्हा मऊ केलं आणि त्याच कडीवर बसवलं. चीर आता पुरती खाली गेली. मोठ्याला मात्र नवं कातडं घ्यावं लागलं. ठेवणीतलं एक जाड कातडं होतं, ते तिनं काढलं. भिजवलं, ओढलं, मढवलं, सावलीत वाळायला ठेवलं. काम करताना तिच्या मनात एकच घोळत होतं. अतीकनं विश्वास ठेवला नाही यात त्याचा किती दोष आणि आपण तोंड शिवून बसलो यात आपला किती? याचा विचार केला की राग बापावर जायचा. बाप मेलेला, त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता, म्हणून तो परत अतीकवर यायचा.

गुरुवारी अजिंक्य आला. मानसिंगकाकांचा हा पुतण्या सोलापुरात राहायचा आणि जुन्या कलावंतांच्या सत्काराचा कार्यक्रम त्यानंच उभा केला होता. कोंगो बघून त्याचं तोंड उतरलं.

"हे काय मावशी? परत तेच घाणेरडं? फोटो कसे येतील?"

"पांढरं भाऊनं बसवलं होतं, मी काढलं."

"अहो, पण मी सांगितलं होतं त्यांना."

"तू कोण सांगणारा? ज्यांनी आणून दिले त्यांच्याच हातात देणार मी."

शुक्रवारी सकाळी तिनं दोन्ही कोंगो चादरींत गुंडाळले, रिक्षात घातले आणि अकलूजची एस.टी. पकडली. मोठा कोंगो तिनं तीन तास पायांत धरून ठेवला. चिरलेलं कातडं पिशवीत होतं.

मानसिंगकाका अंगणात बाजेवर बसले होते. लहान कोंगोवर त्यांनी बोटं टेकवली आणि चेहरा खुलला. मग मोठ्यावर तळवा ठेवला आणि तो तिथंच थांबला.

"हे कुणाचं?"

"नवं आहे काका. जुनं कापलं गेलं."

"कापलं गेलं म्हंजी? आपसूक कापलं गेलं व्हय?"

"माझ्या भावानं कापलं. मी गावाला गेले होते." तिनं पिशवीतून कातडं काढून बाजेवर ठेवलं.

काकांनी ते उचललं. चिरेवरून अंगठा फिरवला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुमच्यावर टाकून गेलो हुतो मी. दुसऱ्या कुणाकडं दिलं न्हाय. पीरसाब असता तर त्यानं त्या पोराचा हात मोडला असता. त्याच्या हातचं कातडं हुतं हे."

"त्यांच्या हातचं नव्हतं," झीनत म्हणाली. "माझ्या हातचं होतं. दोन्ही. अब्बांच्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं त्या साली. हात खिशात घालून तुमच्याशी बोलले ते, आठवतंय का?"

काकांचा अंगठा चिरेवरच थांबला. आठवत असावं.

"मग त्यानं मला खोटं का सांगितलं?"

"एकोणीस वर्षांच्या पोरीनं मढवलेलं तुम्ही नेलं असतं का?"

"न्हाय," काका म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "न्हाय नेलं असतं. पर पीरसाब गेल्यावर तरी सांगायचं की. मी आलो हुतो मयतीला."

"आला होता. आणि मलाच म्हणालात, असा हात आता पुन्हा होणार नाही. त्या दिवशी काय सांगू मी तुम्हाला?"

 काकांनी मान फिरवली. मग दोन्ही कोंगो गुडघ्यांत घेऊन त्यांनी वाजवून पाहिले. लहान चांगला बोलत होता. मोठा कोरडा, ताठ वाटत होता.

"ह्ये अजून अंगात आलं न्हाय," ते म्हणाले.

"हात बसायला वेळ लागेल. कातडं खोटं नाही."

"त्ये दिसतंय मला." एवढंच बोलून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. आभार मानले नाहीत, माफीही मागितली नाही. झीनत चहा पिऊन दुपारच्या गाडीनं परत आली. तिचा राग जसाच्या तसा होता.

रविवारी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. झीनत मागून चौथ्या रांगेत कडेला बसली. काकांनी दोन गाणी वाजवली. मोठ्या कोंगोवर हात पडला की ते किंचित तोंड वाकडं करायचे, हे तिला एवढ्या लांबूनही दिसलं. मग अजिंक्यनं माइक घेतला आणि यादी वाचायला सुरुवात केली. गायक, निवेदक, बासरीवाले. आणि मग, "या वाद्यांना आयुष्यभर जिवंत ठेवणारे कारागीर दिवंगत पीरसाब यांचे चिरंजीव अतीकभाई."

अतीक नवा कुर्ता घालून पहिल्या रांगेत बसला होता. तो उठला, मागं वळून न बघता पायऱ्या चढला. अजिंक्यनं शाल उलगडली.

"थांब जरा," मानसिंगकाका म्हणाले. त्यांच्या कोंगोपुढं माइक लावलेलाच होता, त्यामुळं ते साऱ्या सभागृहाला ऐकू गेलं. "ह्यानं न्हाय मढवलं हे. ह्यानं फाडलंय."

लोकांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. हशा पिकला. काका हसले नाहीत, तसा हशा विरत गेला. "त्या साली पीरसाबनंबी न्हाय मढवलं. त्याच्या लेकीनं मढवलं. परवाबी तिनंच मढवलं. मी लोकास्नी चाळीस वर्सं चुकीचं सांगत फिरलो. ती बसलीया तितं मागं. तिला बोलवा."

माना वळल्या. अजिंक्य गोंधळला. त्याच्या कागदावर ते नव्हतं. "पीरसाब यांच्या कन्या..." तो म्हणाला आणि अडला. "पीरसाब यांच्या कन्येनं कृपया मंचावर यावं."

झीनत उठून उभी राहिली, पण जागेवरून हलली नाही.

"मला नाव आहे," ती म्हणाली. माइक नसताना तिचा आवाज पुढपर्यंत गेला. "झीनत. ते घे, मग येते."

अजिंक्यनं अतीककडं पाहिलं. अतीक मान खाली घालून उभा होता, शाल अर्धी त्याच्या खांद्यावर आणि अर्धी अजिंक्यच्या हातात.

"झीनतबी," अजिंक्य म्हणाला.

मग ती गेली. अतीकच्या खांद्यावरची शाल तिनं स्वतः काढून घेतली, घडी घातली आणि काखेत मारली. पांघरून घेतली नाही. फोटोवाला थांबा म्हणत राहिला, पण ती खाली उतरून आली.

घरी आल्यावर अतीक कडाडला. भर सभेत तिनं त्याची इज्जत घालवली, गिऱ्हाइकं हसतील, बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. झीनत भाकरी खात ऐकत होती. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी तू हसलास. मी खरं सांगत होते आणि तू हसलास. कातड्याचं एक वेळ विसरेन मी."



पुढं पंधरा दिवस दोघांत बोलणं नव्हतं. तो पुढं बसायचा, ती मागं. एके दिवशी अक्कलकोटकडचा नागप्पा नावाचा भजनी माणूस पखवाज घेऊन आला आणि मढवून कोण देतं म्हणून विचारू लागला. झीनतला आतून सगळं ऐकू येत होतं. अतीक हातातली गिटार पुसत राहिला.

"माझी बहीण," शेवटी तो म्हणाला. आवाजात गोडवा नव्हता. "झीनत नाव तिचं. आत जाऊन तिच्याशीच बोला, मला त्यातलं काही कळत नाही."

झीनतनं हात पुसले आणि नागप्पाला बसायला पाट पुढं सरकवला.