टेपखालचं बटण

वलवणच्या विहारात त्या दुपारी गायन पार्टीची तालीम होती. निदान सगळे तसंच म्हणत होते. खरी गोष्ट अशी की श्रीपती आबांचं दुसऱ्या दिवशी पुण्यात ऑपरेशन होतं आणि घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही जाणार होतं. स्वतःच्या आईवर रचलेलं गाणं आबांनी चाळीस वर्षं दर भीमजयंतीला म्हटलं, पण कधी रेकॉर्ड करू दिलं नाही. "गानं मान्साच्या तोंडात ऱ्हावं, डबीत कोंडू ने," म्हणायचे. आता तोंडालाच कुलूप लागायची वेळ आली, तेव्हा कुठे म्हाताऱ्याचा हेका सुटला. पाचची लोकल गाठायची होती आणि साडेतीन तर वाजून गेले होते.

नात पायल लोणावळ्याच्या ज्या हॉटेलात कामाला होती, तिथला चांगला माईक ती मागून घेऊन आली होती. तिने माईक मोबाईलला जोडला आणि हेडफोन कानाला लावला. आबांच्या आवाजामागे सारखी एक घरघर येत होती, बाटलीत भुंगा अडकावा तशी.

"थांबा आबा. परत एकदा."

परत, परत म्हणायला घसा काही भाड्याचा नव्हता. आबांचा आवाज दुसऱ्या कडव्यालाच चिरकायला लागला होता. ढोलकीवरचा नसीर लोणावळ्यात मांडव आणि स्पीकर भाड्याने देतो, त्याला यातलं कळतं. त्याने वायर बदलली, माईक खाली केला, लांब नेला, जवळ आणला. पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, पाण्याचा कूलरही बंद केला. भुंगा हलायला तयार नव्हता. सव्वाचार झाले. पायलला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात वीज गेली, आणि हेडफोनमध्ये एकदम स्वच्छ शांतता पसरली.

"गेला! काका, आवाज गेला!"

आबांनी सूर धरायच्या आत वीज परत आली आणि तिच्याबरोबर भुंगाही. पण आता चोर सापडला होता. विहारात एकच गोष्ट विजेवर चालू होती: बाबासाहेबांच्या फोटोभोवतीची निळ्या दिव्यांची माळ. सहा वर्षांपूर्वी आबांनीच ती लावली होती आणि चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून बटणावर चिकटपट्टीही. तेव्हापासून ते बटण आहे हेच गाव विसरून गेलं होतं.

नसीरने हात मागे घेतला. "म्या न्हाई लावनार हात. आबांनी सांगितलं तरच."

माळ बंद करावी लागेल, असं पायलने आबांना कसंबसं सांगितलं. आबा ताडकन उठले.

"बाबांच्या फुडं अंधार करू आन् गानं म्हनू? मग म्हनू कुनासाठी? ऱ्हाऊ द्या तुमची डबी!"

कोरसात बसलेल्या चंपा आजी उठल्या. त्यांनी फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि नवऱ्याकडे वळल्या.

"बाबासायबांनी सांगितलंवतं का, बटनाला टेप लावा म्हनून? माळ घडीभरानं परत लागंल. तुमचा आवाज लागनार हाय का?"

आबा स्वतःच भिंतीशी गेले आणि नखाने चिकटपट्टी सोलली. बटण दाबलं. भुंगा मेला.

मग ते गायले. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला, तो त्यांनी तसाच ओढून नेला. शेवटच्या ओळीला सूर पुरेना, तेव्हा कोरसाने ती खांद्यावर घेतली. पायलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हुंदका माईकमध्ये जाईल म्हणून तिने ओढणी दातांत धरली होती. गाणं संपलं तरी रेकॉर्डिंग बंद करायचं तिला भान राहिलं नाही.

पाचची लोकल मिळाली. ऑपरेशन नीट झालं. आबा आता जेवायला मागायचं तर ताटावर वाटी वाजवतात.

पायल घरी आली की आजी तिच्याकडे मोबाईल सरकवतात. पायल सुरुवातीला गाणं लावायची. आता लावत नाही, कारण आजींना गाणं नको असतं. त्यांना शेवटचा तुकडा हवा असतो. गाणं संपतं, ढोलकी थांबते, कुणीतरी खोकतं आणि मग दमलेल्या आवाजात आबा म्हणतात, "चंपे, लाव गं आता लाईट."

दर वेळी आजी मोबाईलकडे बघून म्हणतात, "लावली हो."